भरल्या तारल्या

माझ्या नाकावर माझं पोट चालतं. कातानियाच्या मासळीबाजारात मी अठरा वर्षं पालिकेची तपासनीस आहे. कल्ले न उघडता मासा कालचा की आजचा ते सांगते. तेव्हा त्या दिवशीच्या वासाबद्दल माझा गैरसमज झाला असेल, असं मला कुणी सांगू नये.

माझ्या नवऱ्याला, कालोजेरोला, जानेवारीत ताप आला. ताप गेला, तो भूक घेऊनच. आठ महिने तो पाव आणि सूप यांवर होता. तळणाचा वास आला की उठून बाहेर जायचा. कॉलरीत दोन बोटं सहज शिरायची. लग्नाला बावीस वर्षं झाली त्या दिवशी मीच म्हटलं, "चल, सिराकुझाला जाऊ. जेवू नकोस हवं तर, फिरू तरी."

सकाळभर तिथल्या ओर्तिजिया बेटावरच्या जुन्या गल्ल्यांतून भटकलो. कॅथीड्रलमध्ये भिंतीत चिणलेल्या ग्रीक खांबांना तो पाठ टेकून बसला. "थंड आहेत गं," म्हणाला. नंतर अरेतुसाच्या झऱ्यापाशी मी त्याला सावलीत उभं करून टोपी घ्यायला गेले. परतले तर तो कठड्यावरून पार खाली वाकला होता.

"ओरिएता, काय सुंदर वास येतोय!"

मला साचलेल्या पाण्याचा वास आला, आणि त्याखाली आणखी एक. ओळखीचा.

"मला भूक लागलीय," तो म्हणाला.

माझे डोळेच भरून आले. त्या दुसऱ्या वासाचा विचार मी केला नाही.

जुन्या यहुदी वस्तीत चार टेबलांची एक खाणावळ सापडली. मालकीण सत्तरीची, हात पिठाचे. भरल्या तारल्या आल्या: पावाचा चुरा, बेदाणे, वर तमालपत्र. आणि झऱ्यापाशी आलेला तो दुसरा वास पुन्हा आला. उन्हात तीन दिवस पडलेल्या मासळीचा, गोडसर, घशाला चिकटणारा.

"खाऊ नकोस. नासल्यात."

"तुझ्या नाकाला आज सुट्टी दे की!" तो हसला आणि खाऊ लागला.

आधी काट्यानं, मग हातानं. डोकी, काटे, शेपट्या, तमालपत्रंसुद्धा. चघळलेला लगदा ओठांच्या कडेनं बाहेर यायचा, तो बोटानं परत आत ढकलायचा. बशी चाटली. मग माझी ओढली. हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि तो ते शर्टाच्या बाहीवर टिपून बाही चोखत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याकडे बघवेना म्हणून मी मान फिरवली.

शेजारच्या टेबलावर एक जोडपं त्याच तारल्या मजेत खात होतं.

मी मालकिणीला हाक मारली. "मावशी, हे काय वाढलंत? वास बघा!"

ती वाकली. पण बशीवर नाही. कालोजेरोच्या मानेजवळ नाक नेलं आणि झटकन सरळ झाली.

"मासा पहाटेचा आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "वास माशाला नाही."

"आणखी आहेत?" कालोजेरोनं विचारलं.

"संपल्या."

ओट्यावर अख्खं ताट भरलेलं मला दिसत होतं. तिनं त्याच्या बशा फडक्यात धरून उचलल्या आणि धुवायला न टाकता तशाच कचऱ्याच्या डब्यात सोडल्या. मग ती कोपरापर्यंत हात घासत राहिली. आम्ही बाहेर पडेपर्यंत पाण्याचा आवाज येत होता.

चारची गाडी पकडली. डब्यात ऊन होतं. समोरची बाई एक स्टेशन बसली, मग रुमाल नाकाला लावून दुसऱ्या डब्यात गेली. कालोजेरो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. चेहरा तृप्त. असा तो ताप येण्याआधी दिसायचा. मी स्वतःला म्हटलं, जेवला ना? हेच तर मागत होतीस.

मी तोंडानं श्वास घेत राहिले.

तेवढ्यात चावण्याचा आवाज आला. सावकाश, ओलसर.

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले. जबडा स्थिर.

आवाज खालून येत होता.

मी त्याच्या पोटावर हात ठेवला. आवाज थांबला.

मग शर्टाच्या आणि कातडीच्या आतून, माझ्या तळव्याखाली, दातांची एक ओळ हलकेच टेकली.