रविवारच्या चहाची चौथी खुर्ची

लिफ्टचं दार उघडलं आणि आतली माणसं भराभर बाहेर पडली. उतरायचं कुणालाच नव्हतं. आफ्रिकेतल्या मालीचा, बामाकोचा व्यापारी दाउदा आत शिरला, एवढंच झालं होतं. काळा माणूस! कुणाचा रुमाल नाकाशी गेला, कुणी तोंडातल्या तोंडात 'शी' केलं... आणि रात्रीच्या लसणीचा दर्प तोंडात घेऊन फिरणारी हीच मंडळी! चीनमधल्या ग्वांगचौच्या त्या घाऊक बाजाराला आफ्रिकेचा पैसा चालतो, माणूस मात्र चालत नाही.

होईलामला उशीर झाला होता. लेसचे गठ्ठे काखेत मारून ती आत घुसली. दार मिटलं... आणि तिचा हात आपसूक हलला. दाउदाच्या बाजूची पर्स दुसऱ्या खांद्यावर गेली.

दाउदानं ते पाहिलं. मग त्यानंही आपली बॅग उचलून छातीशी घट्ट कवटाळली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"काय सांगावं, बाई! या शहरात बायका फार खिसे कापतात म्हणे." अस्सल कँटनीज, इथली बोली, तीही भाजीवालीच्या हेलातली!

होईलामचे कान तापले. लाज वाटली, राग आला आणि मग — हसू फुटलं. हसता हसता गठ्ठे सुटले, लेस लिफ्टभर पसरली. ती गोळा करताना त्याच्या शर्टाचा किसलेल्या आल्यासारखा वास आला. छान होता मेला!

"तुमचं दुकान चौथ्यावर?"

"हो. तुम्हाला कुठं जायचंय?"

"सहाव्यावर जायचं होतं... आता चौथ्यावर."

मग तो रोज तिच्या लेस-बटणांच्या दुकानात बटणं घ्यायला येऊ लागला.

"एवढ्या बटणांचं करता काय?"

"आमच्या बामाकोत पुरुष छाती फार फुगवतात. तटातटा तुटतात."

बाहेर पाऊस धो धो कोसळायचा आणि आत दोघं गल्ल्यामागे एका डब्यात जेवायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"मावशी म्हणते, तुम्ही लोक आंघोळच करत नाही."

"माझी आई म्हणते, तुम्ही लोक शेजाऱ्याचं गाढवसुद्धा खायचं सोडत नाही."

"आणि गावाकडे तुला बायको असणारच!"

"असती तर शर्टाचं हे बटण तुला लावायला दिलं असतं?"

तिनं बटण लावलं. दोरा दातांनी तोडताना तिचे ओठ त्याच्या छातीजवळ आले... आणि दोघांचाही श्वास अडला.

पण रस्त्यावर? रस्त्यावर होईलाम चार पावलं पुढे चालायची. अनोळखी असल्यासारखी.

एका दुपारी पावसातच दाउदा थांबला. "लाम, ती लिफ्टमधली माणसं निदान उघड तोंड फिरवतात. तू दुकानात हसतेस आणि रस्त्यावर फिरवतेस."

"आई मला जिवंत सोडणार नाही रे—"

"रविवारी तुम्ही घरचे चहाला जाता, तिथं मी येतो. ओळख दाखवलीस तर तुझा. नाही दाखवलीस, तर बटणं दुसरीकडून घेईन."

रविवार उजाडला. चहाघरात वाफवलेल्या पदार्थांचे डबे फिरत होते, टेबलाटेबलावर कलकलाट होता. इथं ओळख नसली तरी एका टेबलावर बसायची रीत. विचारायचं आणि बसायचं, कुणी नाही म्हणत नाही. आई, मावशी, होईलाम आणि चौथी खुर्ची रिकामी. आई सुक्या मासळीची दुकानदारीण; तिच्यापुढे भलेभले दलाल गप्प. मावशी कुणा स्वतःचं घर असलेल्या मुलाचं स्थळ रंगवत होती. आता सांगते, आत्ता सांगते, म्हणता म्हणता होईलामचा चहा निवला... आणि दाउदा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"इथं कुणी बसलंय का?"

मावशीनं झटकन पर्स खुर्चीवर ठेवली. "माणूस येतोय."

"बरं." त्यानं लामकडे एकदाच पाहिलं आणि पाठ फिरवली.

होईलाम उभी राहिली. जेवणाच्या काड्या खाली पडल्या.

"मावशी, पर्स उचल! येणारा माणूस हाच आहे."

"काय बोलतेस गं?"

"हा मला आवडतो. याच्याशीच संसार करणार आहे मी. आणि रोज आंघोळ करतो तो. तू थंडीत टाळतेस!"

कुठेतरी कुणी फिस्सकन हसलं. बुरशी लागलेली मासळी पारखावी तशी आई दाउदाकडे बघत राहिली. तो बसला. आधी वडीलधाऱ्यांना, म्हणून त्यानं किटली दोन्ही हातांनी उचलली आणि आईचा कप भरला. चहा काठोकाठ गेला.

आणि आईची दोन बोटं टेबलावर वाजली. टक टक. चहा ओतणाऱ्याचे आभार असेच मानायचे, ही जन्मापासूनची सवय. त्याला डोकं लागत नाही.

"ताई!" मावशी किंचाळली. "आभार मानलेस तू त्याचे!"

आईनं आपल्याच बोटांकडे परक्याची असल्यासारखं पाहिलं. "सवयीनं झालं! हाताला विचारून ठोकते की काय मी?"

आई दाउदाकडे वळली.

"आणि तू रे! एवढा काठोकाठ ओततात? पाहुण्याला हाकलायचं असलं की ओततात असा. पुढच्या वेळी कमी ओत."

पुढच्या वेळी!

होईलामनं दाउदाचा हात धरला... टेबलावर, सगळ्यांच्या देखत.