लाल इटालियन, रुपेरी जर्मन

तिची पहिली ओळख झाली ती त्याच्या बुटांशी. बाकीचा दंतवैद्य लाल इटालियन गाडीखाली होता.

"जुन्या गाड्यांची पारख करते, ती मीच," ती बुटांना म्हणाली. "दोन्हींतली कुठली ठेवायची, ते सांगायला बोलावलंयत ना?"

तो सरपटत बाहेर आला. गालावर ग्रीस, डोळ्यांत... असो. ग्रीस तिनं आधी पाहिलं, असंच धरून चालू.

त्याची आई दारातून ओरडली, "एक तरी घालव गं बाई! गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, आणि हा अजून कुरवाळत बसलाय."

"लालच राहणार," तो म्हणाला. "बाबांचा जीव होता तिच्यात. तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो म्हणायला मी कशाला हवी? किल्ल्या द्या."

लाल गाडी गुरगुरत निघाली. शेजारी बसलेला तो दचकला. "दुसरा गिअर नको! तेल तापेपर्यंत ती घेत नाही. पहिल्यावरून थेट तिसरा..."

"नखरे बरेच की!"

"देखणी आहे. चालायचंच."

मग रुपेरी जर्मन. हिचं इंजिन मागे. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी गिरकी घेते. तिनं पाय उचलला नाही. वळण लोण्यासारखं सरलं. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस स्वतःच तोंड उघडून बसला.

घरी परतल्यावर ती म्हणाली, "लाल विका."

त्याचा चेहरा उतरला. "आवाज ऐकलात ना तिचा?"

"ऐकला. गाडी म्हणून तीच सरस. पण तिच्यात तुम्ही क्षणभर स्वस्थ नव्हता. तेलाचा काटा, पाण्याचा काटा, परत तेलाचा... वडिलांची वस्तू बिघडेल म्हणून धास्तावलेला मुलगा! रुपेरीत एकाही काट्याकडे बघितलं नाहीत."

"मग कुठे बघत होतो?"

"माझ्याकडे. रस्ताभर."

नाकारायची सोय होती. त्यानं नाकारलं नाही. लाल टपावरून एकदाच हात फिरवला.

"आई, त्यांना कळव... लाल घेऊन जा म्हणावं."

मग तिच्याकडे वळून, जरा चाचरत, "हा सल्ला... गाडीपुरताच होता?"

"सल्ला देऊन झाला." ती पुन्हा रुपेरी गाडीत बसली आणि पलीकडचं दार आतून उघडलं. "हे माझं स्वतःचं मत. बसा."