मुकी खेप

मुखेडच्या दवाखान्यात तान्ह्या पोरांचे कान तपासायचं खूळ गोदावरीबाईंनी आणलं. खूळ हा शब्द कंपाउंडर रामकिशनचा. हैदराबादेत नर्सचं शिक्षण घेऊन बाई निजामी फसली १३५२ साली, म्हणजे इंग्रजी १९४२-४३ला, इथं आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की बाळंतपण आपल्या हातचं असो की गावच्या सुईणीच्या, दीड वर्षाच्या आत पोर एकदा दवाखान्यात आलंच पाहिजे. लोक हसले. पोर रडतं, हसतं, भाकरीचा तुकडा मागतं, त्याचे कान ते काय बघायचे? बाई हसण्याला भीक घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. ज्या घरातून पोर येईना त्या घरी जाऊन त्या ओट्यावर बसत, आणि पोर हाती आल्याशिवाय उठत नसत.

त्याला कारण होतं. त्या अकरा वर्षांच्या असताना औशात त्यांचा सात वर्षांचा भाऊ बसवंत बैलगाडीखाली गेला. हाका मारल्या तरी ढिम्म हलत नाही, हट्टी आहे, म्हणून पोरानं पाच वर्षं मार खाल्ला. बहिरा आहे हे कळल्यावर मार थांबला, एवढंच. वाजत्या वाटीला बोटं लावून तो तासन्‌तास बसायचा, थरथर कळते म्हणून. त्याच्याशी बोलायला गोदावरीनं हाताच्या खुणा शोधल्या होत्या. आपल्या मानेवर मागून दोनदा थाप मारायची, म्हणजे मागं बघ. त्या दुपारी ती ओट्यावर उभी राहून मानेवर थापा मारत राहिली, पण बसवंतची पाठ तिच्याकडे होती. ती खूण तिनं पुढं कुणाला सांगितली नाही.

तपासायची रीत बाईंनी घालून दिली होती. पोर आईच्या मांडीवर. समोर रामकिशन लाकडी पोपट हलवत बसायचा, पोराचं लक्ष धरून ठेवायला. बाई मागं, हातभर अंतरावर, पोराच्या कानाच्या उंचीला वाकून. सावली पुढं पडू नये म्हणून मागची खिडकी बंद. पाय अनवाणी, बांगड्या वर सरकवून फडक्यानं बांधलेल्या. मग पितळी वाटीवर चमचा, नाही तर घुंगरू, नाही तर चुरगळलेला कागद. पोरानं मान वळवली की रामकिशन टिपून घ्यायचा. पण पोरं चलाख असतात, मागं काहीतरी गंमत आहे हे कळलं की उगीचच वळतात. म्हणून मधूनच बाई मागं नुसत्या उभ्या राहत, काही वाजवत नसत. ही मुकी खेप. कुठली खेप वाजती आणि कुठली मुकी, हे फोडलेला चिंचोका ठरवायचा. तो टेबलावर टाकायचा; पांढरी बाजू वर आली तर वाजवायचं, काळी आली तर गप्प.

आषाढातल्या एका सकाळी नागाबाई आली. दोन कोसांवरच्या वस्तीतली विशीची पोर, कडेवर दीड वर्षाची फुला. सासरे भगवानराव बाहेर लिंबाखाली गाडी सोडून बसले होते. ते ऐकतील म्हणून ती हळू आवाजात बोलली.

"बाई, पोर बहिरी निघाली तर मला म्हायेरी धाडणार हायेत. नवऱ्याला दुसरी बायको करणार म्हनतेत. ऐकती म्हणून ल्हिवून द्या."

"ऐकत असली तर लिहीन," बाई म्हणाल्या. "नसली तर तेही लिहीन."

"मग मी काय करू?"

"ते नंतर बघू. आधी तिला मांडीवर घे."

चिंचोका पांढरा आला. बाईंनी वाटी वाजवली. फुला पोपटाकडे बघत राहिली. पुन्हा पांढरा. घुंगरू, अगदी कानाशी. काही नाही. हे मान न वळणं बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं.

मग काळी आली. बाई गप्प उभ्या राहिल्या, आणि फुलानं मान वळवली.

अकरा खेपा झाल्या. सहा वाजत्या, त्यात एकदाही नाही. पाच मुक्या, त्यात पाचही वेळा.

"बाई, उलटं टिपलं का काय म्या?" रामकिशननं कागद पुढं केला.

उलटं काही नव्हतं. आपला श्वास लागत असेल म्हणून बाईंनी तोंडाला फडकं बांधलं. एक पाऊल मागं सरकल्या. पुन्हा तेच. चमच्याला पोरगी दगड, आणि काही न वाजवता उभं राहिलं की चटकन वळायची.

"माझ्याकडेच बघते ना?" त्यांनी विचारलं.

रामकिशननं पोपट खाली ठेवला. "तुमच्याकडं न्हाई. तुमच्या डाव्या अंगाला. खाली, कंबरंइतकं. आन्‌ हसून राहिली."

बाईंनी डावीकडे पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन आणि भिंत.

त्या व्हरांड्यात गेल्या, दार ओढून घेतलं आणि रामकिशनला पाठीमागं उभं राहायला सांगितलं. त्याच्या चार मुक्या खेपांना फुला एकदाही वळली नाही. ती पूर्ण वेळ बंद दाराकडे बघत होती, असं नागाबाईनं सांगितलं. दाराच्या खालच्या अर्ध्याकडे.

बाई आत आल्या. पोरीची नजर त्यांच्या बरोबरीनं आत आली, पण त्यांच्यावर नव्हती.

त्यांनी चिंचोका पुन्हा टाकला. काळी.

बाई जागेवर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुकी खेप स्वतः कान देऊन ऐकली. काही नव्हतं. रामकिशनचा श्वास, बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी.

फुला वळली, आणि कुणीतरी काहीतरी दाखवावं तशी खुदकन हसली.

बाईंना भीती वाटली. ती त्यांनी बाजूला ठेवली, कारण बाहेर एक म्हातारा निकालाची वाट बघत होता. त्या दारात गेल्या.

"ऐकती का न्हाई?" भगवानरावांनी विचारलं.

"नाही. पण हुशार आहे. दर बाजाराच्या दिवशी इथं आणायची, मी तिला हातानं बोलायला शिकवणार. आणि आणायची तिच्या आईनंच."

"ते आमी बगू."

"बघा. तुमची लेक साखराबाई श्रावणात बाळंत होणार ना? मागं ती अडली तेव्हा मीच सोडवली होती. आताही येईन, हाक मारली की निघेन. फक्त पाणी तापवायला अन्‌ दिवा धरायला मला नागाबाई लागते. दुसऱ्या कुणाचा हात मला चालत नाही."

नागाबाईनं आजवर बाईंसाठी पाण्याचा तांब्याही उचलला नव्हता. तिनं पदर आणखी पुढं ओढला. भगवानरावांनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. बाई तोवर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हाव," ते शेवटी मान हलवत म्हणाले. "चल गं पोरी, घरी."

घरी म्हटल्यावर नागाबाईचे खांदे खाली आले. तिनं वाकून बाईंच्या पायाला हात लावला, फुलाला खांद्यावर घेतलं आणि सासऱ्याच्या मागं निघाली. बैल जुंपायला रामकिशनही गेला.

दारात उभं राहून बाई ठरवत होत्या, पहिली खूण कुठली शिकवायची. पाणी. मग भाकर. मग आई. एक खूण मात्र शिकवायची नाही, हेही ठरलं.

आईच्या खांद्यावरून फुला मागं बघत होती. आधी बाईंच्या डाव्या अंगाला, खाली. ती लक्ष देऊन बघत होती, जणू शिकवणी चालली होती. मग तिनं मान वर करून बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, इवलासा हात उचलला आणि आपल्या मानेवर मागून थाप मारली.

दोनदा.

बाई वळल्या. खोलीत कुणी नव्हतं. चिंचोका टाकला तिथंच टेबलावर होता, पण आता त्याची पांढरी बाजू वर होती.

पांढरी म्हणजे वाजवायचं. रीत त्यांनीच घालून दिलेली. बाई टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी वाटी उचलली.

चमचा टेबलावरच होता, आवाज काहीच नव्हता. वाटी बोटांत थरथरत होती.