नव्वद अंशांची चूक

खगोल विभागाच्या प्रिंटरमधून माझा आलेख निघाला आणि नेमका एका उंच माणसाच्या हाती लागला.

"तुझा?"

"हो. संध्याकाळी शोधनिबंधासोबत पाठवायचाय."

"मग आत्ताच सांगतो... हे चुकलंय."

ओळख ना पाळख, थेट चूक. आमच्या या थंड तुर्कू शहरात माणसं बोलत नाहीत, आणि बोललीच तर गोड बोलत नाहीत.

तीन वर्षं मी एका दूरच्या दीर्घिकेमागे लागले होते. तिच्या पोटातल्या कृष्णविवराजवळून उत्तरेकडे एक झोत उसळतो. त्यातले क्ष-किरण कुठल्या दिशेनं थरथरतात, ते मी मोजत होते. पहिल्या दिवशी झोतापासूनचा कोन आला एकशे अठ्ठ्याहत्तर अंश, दुसऱ्या दिवशी दोन. सरासरी नव्वद, म्हणजे झोताला अगदी आडवा. नवलच हाती लागलं म्हणून मी खोलीत नाचले होते. सांगायला कुणी नव्हतं.

"थरथर पुढेही असते, मागेही," तो म्हणाला. "एकशे ऐंशी म्हणजे पुन्हा शून्यच. तुझे दोन्ही कोन झोताला चिकटून, शेजारी-शेजारी आहेत, सायमी. तू त्यांना उगाच दोन टोकांना बसवलंस."

माझे कान तापले. जगभर हसं झालं असतं.

"पण... माझं नाव कसं ठाऊक?"

"मी ओत्सो. तुझ्या भिंतीपलीकडे बसतो." तो आलेखाकडेच बघत राहिला. "तू आकड्यांशी भांडतेस ना... 'सायमी, नीट बघ' म्हणतेस. तेव्हा मी रेडिओ बंद करतो."

दोन वाजता अख्खा विभाग कॉफीला जमतो, आणि मी कप घेऊन खोलीत पळते.

"कॉफीला तूही दिसला नाहीस कधी."

"तू नसतेस तिथे."

"मग दार वाजवायचंस."

"वाटलं, तुला एकटं राहायला आवडतं."

"मुळीच नाही आवडत," मी म्हणाले, आणि डोळे भरून आले.

त्यानं आलेख माझ्या हातात ठेवला. "सोमवारी रोमला चाललोय... दोन वर्षांसाठी."

त्या दिवशी शुक्रवार होता. शोधनिबंध मी थांबवला. शनिवारी गोठलेल्या नदीकाठी आम्ही वेलदोड्याचा पाव अर्धा-अर्धा खाल्ला. "जाऊ नकोस म्हणणार नाही," मी म्हणाले, "पण मला तू हवा आहेस." त्यानं हातमोजा काढून माझा हात धरला, आणि सोमवारी तो गेला.

मंगळवारी भिंतीपलीकडे शांतता होती. आकडे जुळेनात. "सायमी, नीट बघ," सवयीनं म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते कुणी ऐकत नव्हतं.

फोन वाजला.

"रेडिओ बंद केलाय," ओत्सो म्हणाला. "भांड आता."