लपलेले पाच मिलिमीटर

"अंतर सहा मिलिमीटर," मापाडी म्हणाला. "मागच्या महिन्यात साडेचार होतं. अभिनंदन, ईश्वरीताई."

आत्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी तिच्यासमोरची कानस हळूच उचलून लांब ठेवली.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय लावायचा? माझ्या आत्याचा खालचा जबडा वरच्या जबड्यापेक्षा पुढे आहे. त्यामुळे तिने दात मिटले की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन थांबतात. हा दोष काढायचा म्हणून छत्तिसाव्या वर्षी तिने दातांना तारा लावून घेतल्या. त्याआधी दोन अक्कलदाढाही काढून घेतल्या. उपचार सुरू झाले तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर तीन मिलिमीटर होतं. दहा महिने तारा घालून ते झालं सहा. म्हणजे दुप्पट बिघडलं. आणि हा शहाणा अभिनंदन करतो.

मापाडी हा डॉक्टरांचा यंत्रमानव. प्रेशर कुकरएवढा, तीन पायांचा, एका डोळ्याचा. २०५८ सालापासून आमच्या मिरजेत असे यंत्रमानव घरोघरी जाऊन पेशंट तपासतात. हा दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतो, तोंडात प्रकाशाचा झोत टाकतो आणि केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक मोजतो. पूर्वी बाजारात धान्य मापून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणायचे, म्हणून आत्यानेच त्याला हे नाव दिलं. अंगात चुकूनही खोटं नाही, आणि कुठे काय बोलावं याची अक्कलही नाही.

आत्या आमच्याच घरात तळमजल्यावर राहते. तिथेच तिचं सतारी बनवण्याचं दुकान आहे. "हातातल्या तारा कमी पडल्या म्हणून तोंडातही लावल्यास का?" असं आल्यागेल्याने तिला विचारून झालंय. ती हसते. पण मला माहीत आहे, की तिने हे हौसेने केलेलं नाही. तिने आजवर एकही पदार्थ पुढच्या दातांनी तोडून खाल्लेला नाही. भाकरी असो की पेरू, हाताने नाहीतर सुरीने तुकडे करायचे. सगळा भार मोजक्या दाढांवर, त्यामुळे त्या झिजल्यात. संध्याकाळी कानापुढचा सांधा इतका ठणकतो, की ती गालाला गरम पाण्याची पिशवी लावून बसते. लहानपणी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, वाढ पूर्ण होऊ दे, मग ऑपरेशन करू. वाढ पूर्ण झाली, पण मग शिक्षण, काम, आजोबांचं आजारपण, असं करत करत ते राहूनच गेलं. आता कुठे ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पंधरा ऑक्टोबर.

आणि त्याच्या तोंडावर हे सहा मिलिमीटर.

मापाडी गेल्यावर आत्याने मला आरसा धरायला सांगितला. डॉक्टरांनी तिला बारीक रबर दिले होते. ते दोन्ही बाजूंना वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत ताणून अडकवायचे. दिवसातले बावीस तास. काढायचे ते फक्त जेवताना, दात घासताना आणि मापाडी मोजायला आला की.

"निशी, नीट बघ," आत्या म्हणाली. "हा रबर आकसतो तेव्हा काय करतो? खालचे दात पुढे ओढतो आणि वरचे मागे. माझे खालचे दात आधीच पुढे आहेत. त्यांना आणखी पुढे कशाला ओढायचं?"

मी बघितलं. खरंच की. उलटंच होतं सगळं.

"डॉक्टरांना विचारू या का?"

"त्यात काय विचारायचं? बारा वर्षं उस्तादांच्या हाताखाली तारा ताणल्यात मी. ताण कुठून कुठे जातो, हे मला कुणी शिकवायला नको."

तिने रबर काढले आणि उलटे लावले, खालच्या सुळ्यापासून वरच्या दाढेपर्यंत. मी आरसा धरून उभी होते. तिला अडवायला हवं होतं, असं आज वाटतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचंच पटलं होतं. एवढंच नाही, रोज सकाळी मी तिला आठवणही करायचे, "आत्या, उलटे लावलेस ना?"

महिनाभरात फरक दिसायला लागला. अंतर चक्क कमी झालं. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी आत्याने मापाडीच्या स्वागताला शिरा केला. तो खात नाही, म्हणून मीच खाल्ला.

मापाडीने झोत टाकला, बंद केला, पुन्हा टाकला.

"अंतर पाच मिलिमीटर. वाईट बातमी आहे, ईश्वरीताई. दात मागे फिरलेत. मी स्वतःला दोनदा तपासलं, माझ्यात बिघाड नाही. डॉक्टरांना कळवलं आहे. त्यांनी उद्या बोलावलंय. पंधरा ऑक्टोबरची तारीख रद्द झाली आहे."

आत्याने शिऱ्याचं रिकामं पातेलं उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉ. अल्फिया जमादार यांच्याकडे गेलो. आत्याने काहीही न लपवता रबराचं सांगून टाकलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यामुळे आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "पण मला आता हे नकोच. दहा महिने वेडीवाकडी होत चाललेय मी. बोलताना शिट्टी वाजते. जेवण तर आधीपेक्षा वाईट. काढून टाका या तारा. छत्तीस वर्षं काढली, पुढचीही काढीन."

ती हे इतकं शांतपणे म्हणाली, की मला रडू आलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"काढते," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड तुमचं आहे. पण आधी दहा मिनिटं एक गोष्ट बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी खूण केली आणि मापाडीने टेबलावर आत्याच्या जबड्यांची प्रकाशप्रतिमा (हवेत उमटणारं, चहूबाजूंनी बघता आणि हाताने हलवता येणारं चित्र) उभी केली.

"हे पहिल्या दिवशीचं माप. दातांमधलं अंतर किती?"

"तीन मिलिमीटर," मी म्हणाले.

"मापाडी, आता दात पुसून टाक."

दात नाहीसे झाले. राहिली फक्त दोन हाडं, वरचा जबडा आणि खालचा जबडा.

"आता निशी, दोन हाडांमधलं अंतर वाच."

मी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. "आठ."

"हाडं आठ मिलिमीटरने चुकलेली. दिसत होते मात्र तीन. मग पाच गेले कुठे?"

मापाडीने दात परत आणले आणि चित्र बाजूने फिरवलं. मी टेबलावर कोपरं टेकून निरखत राहिले. खालचे पुढचे दात सरळ उभे नव्हते. ते आत, जिभेकडे कलले होते. वरचे बाहेर, ओठाकडे कलले होते.

"ते एकमेकांना गाठायला वाकलेत," मी म्हणाले.

"शाबास. लहानपणापासून जबडा पुढे जात राहिला आणि ओठ-जिभेच्या दाबाने दात कलत राहिले. याला प्रतिपूर्ती (एका दोषाची दुसऱ्या बदलाने केलेली भरपाई) म्हणतात. शरीराने तुम्हाला थोडंफार चावता यावं म्हणून केलेली तडजोड आहे ती. पण तिच्यामुळे पाच मिलिमीटर लपले."

"लपले तर लपले," आत्या म्हणाली. "तुम्ही जबडा कापून मागे नेणारच आहात ना?"

"न्या ना. तुम्हीच न्या." डॉक्टरांनी तिचा हात धरून प्रकाशाच्या खालच्या जबड्यावर ठेवला. "आठ मिलिमीटर जायचंय."

आत्याने जबडा मागे सरकवला. एक, दोन, तीन, आणि टक् असा आवाज होऊन खालचे दात वरच्या दातांवर आदळले. तिने जोर लावून पाहिला. जबडा हलेना.

"दात वाटेत आले," ती पुटपुटली.

"हाडांना आठ हवेत आणि दात तीनच जाऊ देतात. असं ऑपरेशन केलं, तर सगळं सोसूनही जबडा चुकीच्याच जागी राहील. म्हणून आधी तारांनी प्रत्येक दात आपापल्या हाडावर ताठ उभा करायचा. खालचे पुढे, वरचे मागे. रबर म्हणूनच तसे लावायचे होते. दात ताठ झाले, की लपलेलं अंतर बाहेर येतं. ते वाढलेलं नसतं, ईश्वरीताई. ते पहिल्यापासून होतंच."

"पण हाडात रोवलेला दात सरकतो कसा?" मी विचारलं. हा प्रश्न मला केव्हापासून छळत होता.

मापाडीला असे प्रश्न आवडतात. त्याने एकच दात मोठा करून दाखवला. "तार दाताला एका बाजूला दाबते. दाबलेल्या बाजूला अस्थिभक्षक पेशी (हाड विरघळवणाऱ्या अतिसूक्ष्म कामगार पेशी) जमतात आणि जागा करून देतात. दात त्या जागेत सरकतो. मागे रिकाम्या झालेल्या बाजूला अस्थिजनक पेशी (नवं हाड बांधणाऱ्या पेशी) भराव घालतात. पुढे खणायचं, मागे भरायचं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर."

"मग जबडाच तारांनी का नाही सरकवत?"

"तार दाताला हाडातल्या हाडात हलवते, अख्खं हाड नाही. वाढत्या वयात जबड्याच्या वाढीला थोडं वळण लावता येतं. वाढ संपल्यावर उरतं ऑपरेशन. कापलेले भाग नव्या जागी बसवून टायटॅनियम (शरीराला चालणारा हलका, मजबूत धातू) या धातूच्या पट्ट्यांनी जोडतात, आणि त्याच अस्थिजनक पेशी ती फट भरून काढतात."

आत्याची बोटं प्रकाशातल्या वाकड्या दातांवरून फिरत होती.

"म्हणजे पडदे सरकवलेली सतार," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. आत्याने खुर्ची पुढे ओढली आणि आता तिने शिकवायला सुरुवात केली. "सतारीची दांडी तारांच्या ताणाने वर्षानुवर्षं वाकत जाते. सूर चढायला लागतात. मग वाजवणारा दांडी दुरुस्त करून घेत नाही. दांडीवरचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या पितळी कांड्या, दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवतो आणि काम चालवतो. अशी सतार माझ्याकडे आली, की मी आधी सगळे पडदे मूळ खुणांवर आणते. तेव्हा ती आणखी बेसूर होते. पण त्याशिवाय दांडी किती वाकलीय हे कळतच नाही. दांडी त्यानंतर सरळ करायची. आणि गिऱ्हाईक मला म्हणतं, अहो बाई, होती ती बरी होती."

"मग तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"गप बसा आणि दोन महिन्यांनी या, म्हणते."

"मी तसं म्हणाले नाही हं," डॉक्टर म्हणाल्या आणि आत्या खळखळून हसली. मग डॉक्टर गंभीर झाल्या. "अंतर आधी वाढेल, हे मी तुम्हाला कागदावर दिलं होतं. पण हे चित्र पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं. ते माझं चुकलं."

"तारा राहू देत," आत्या म्हणाली. "निशी, आरसा धर." तिने तिथेच रबर लावले. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत.

गेलेला महिना भरून काढायला आणि पुढचं सगळं व्हायला आणखी चार-पाच महिने लागणार होते. ते सोपे गेले नाहीत. 'फ' आणि 'व' म्हणताना आत्याची शिट्टी वाढली. भाकरी दुधात कुस्करून खावी लागायची. लग्नसराईत तीन नातेवाइकांनी तिला "बिघडलंच की गं" असं सांगितलं. त्यावर ती "अजून दीड मिलिमीटर बिघडायचंय" असं म्हणायची आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. ऑपरेशननंतर काही आठवडे चावायचं नाही, म्हणून आम्ही पेज, आंबील, मुगाचं कढण आणि वेगवेगळ्या सुपांची यादी केली आणि दर रविवारी एक करून पाहिलं. भोपळ्याच्या सुपाला आमच्या घरात बंदी आहे. आत्याने हातातल्या चारही सतारी पूर्ण करून दिल्या आणि पुढचा दीड महिना नवं काम घेतलं नाही.

मध्येच एकदा मापाडीने माझ्याही तोंडात झोत टाकला. माझा खालचा जबडाही किंचित पुढे आहे, एक मिलिमीटरने. आत्याचा चेहरा उतरला. पण मापाडी म्हणाला, "ही अकरा वर्षांची आहे. वाढीवर लक्ष ठेवू. हाडाच्या पेशींना औषधाने नेमक्या सूचना देण्याचं संशोधन चालू आहे. हिची वेळ आली तर पद्धत कदाचित वेगळी असेल." मला भीती वाटली नाही. जे काय व्हायचं ते कसं होतं, हे मला आता माहीत होतं.

मार्च महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी मापाडीने मोजलं. "आठ," तो म्हणाला. "पूर्ण आठ. अभिनंदन, ईश्वरीताई." या वेळी आत्याने त्याच्या डोक्यावर थोपटलं.

दवाखान्यात ऑपरेशन करणारे सर्जनही आले होते. टेबलावर पुन्हा प्रकाशप्रतिमा उभी राहिली. आता सगळे दात आपापल्या हाडावर ताठ होते आणि मध्ये ती भलीमोठी फट होती. इतका विचित्र जबडा मी कधी पाहिला नव्हता.

"वरचा जबडा तीन पुढे, खालचा पाच मागे," सर्जन म्हणाले. "करून बघायचंय?"

आत्याने आधी वरचा जबडा ओढला. मग खालच्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू मागे ढकलला. एक, दोन, तीन. मागच्या वेळी इथेच अडला होता. चार. पाच. कुठेही टक् झालं नाही. वरचा प्रत्येक दात खालच्या दातांच्या खाचेत अलगद जाऊन बसला आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांवर जरासे झाकणासारखे आले.

आत्या खाली वाकून त्या मिटलेल्या दातांकडे बघत राहिली. छत्तीस वर्षांत ते एकदाही एकमेकांना असे भेटले नव्हते.

"परत करू?" तिने विचारलं.

तिने जबडे मूळ जागी नेले आणि पुन्हा जुळवले. मग तिसऱ्यांदा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. सर्जनांनी घड्याळाकडे पाहिलं, पण मग ते खुर्ची ओढून बसले.

"ऑपरेशनला पुढचा मंगळवार चालेल का?" डॉ. जमादारांनी विचारलं.

"चालेल," आत्या म्हणाली. "उद्या असेल तर उद्याही चालेल."