डिकीतला फोन

त्या सकाळी तुलारे गावाबाहेरच्या गोठ्यांवर धुकं असं बसलं होतं की आन्सेल्मो ब्रूमला गायींचं हंबरणं ऐकू येत होतं, पण गायी दिसत नव्हत्या. धुक्यामुळे शाळा दोन तास उशिरा भरणार होती. त्याची सोळा वर्षांची लेक डेलिया नऊ वाजता जुनी निळी गाडी घेऊन निघाली. लायसन मिळून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचा नाही, तो डिकीत टाकायचा, हा नियम आन्सेल्मोनंच केला होता. तिच्याकडून त्यानं तसं लिहूनही घेतलं होतं.

"टाकलास का डिकीत?" त्यानं अंगणातून ओरडून विचारलं.

"टाकला हो पपा! हवं तर डिकीची किल्ली एखाद्या गायीला चारून टाका!"

गाडीचे मागचे लाल दिवे दहा पावलांवर दिसेनासे झाले. थोडा वेळ इंजिनाचा आवाज येत राहिला, मग तोही धुक्यात बुडाला.

आन्सेल्मो स्वयंपाकघरात आला. कॉफी ओतून घेतली. रेडिओवर सांगत होते, हायवेवर एकामागून एक गाड्या आदळल्यात. त्यानं खिशातून फोन काढला.

"ठेव तो खाली," त्याची बायको नोएमिया म्हणाली.

"पोचली का, एवढंच विचारतो."

"नियम कुणी केला? डिकीत असला तरी वाजणारच ना? तिचे कान काय डिकीत ठेवलेत?"

"एकदाच गं."

तीनदा वाजून फोन उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही. फक्त ओल्या रस्त्यावरून चाकं फिरल्याचा सुर्रर्र आवाज.

"डेलिया? अगं, फोन डिकीत होता ना?"

"ती गाडी चालवतेय..." एका बाईचा आवाज आला. म्हातारा, संथ. आन्सेल्मोचे आजोबा ज्या बेटांवरून आले होते, तिथल्या जुन्या वळणाची पोर्तुगीज. "आत्ता नको."

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"ठेव म्हणते ना." आणि मग एकदम, दुसऱ्याच कुणाला तरी, "पोरी, समोर बघ!"

ब्रेक किंचाळले. फोन बंद झाला.

आन्सेल्मोनं फोन टेबलावर टाकला आणि ट्रक काढला. वेग घ्यावा तर पुढचं काही दिसेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून, कानांनी रस्ता चाचपत तो निघाला. दोन मैलांवर वास आला. जळलेल्या रबराचा, आणि त्यात सांडलेल्या दुधाचा.

निळी गाडी कडेच्या खडीवर तिरकी उभी होती. तिच्यापुढे पाच पावलांवर दुधाचा टँकर रस्ता अडवून आडवा पडला होता. त्याचा ड्रायव्हर कडेला मनगट धरून बसला होता. निळ्या गाडीच्या मागे शेजारच्या मातोसांच्या नेल्सननंही आपली गाडी वेळेत थांबवली होती. तो डेलियाच्या खांद्यावर आपलं जाकीट घालत होता.

"पपा..." डेलियाचे दात वाजत होते. "फोन वाजला ना, माझी मान वळलीच होती. खरं सांगते. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, समोर बघ... मला वाटलं, आईच."

आन्सेल्मोनं डिकी उघडली. फोन दप्तरात होता, दप्तराची चेन लावलेली. पडद्यावर त्याचा फोन आल्याची नोंद होती. उचललेला. एकोणीस सेकंद.

त्यानं डिकी लावली. लेकीला पोटाशी धरलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाला, "चूक माझी होती, बाळा. पुन्हा तू रस्त्यावर असताना मी फोन नाही करणार. कधीच नाही."

दुपारी ऊन पडलं. स्वयंपाकघर भरून गेलं. नेल्सनची आई ऑर्टेन्सिया गरम गोड पाव घेऊन आली. दोन्ही पोरं अधाशासारखी लोणी लावून खात होती आणि नोएमिया उगाचच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. आन्सेल्मोनं फोन केल्याची कबुली दिली, तेव्हा ऑर्टेन्सिया खाली मान घालून हसली.

"तुम्हाला एकट्यालाच कशाला बोल लावायचा? मीही नेल्सनला केला होता. तुझ्या त्या मावशीनं उचलला, नोएमिया."

"माझी कुठली मावशी?"

"अगं, ती म्हातारी, बेटांवरची जुनी पोर्तुगीज बोलणारी. किती मायेनं बोलली! म्हणाली, रडू नको, तुमची दोन्ही पोरं थांबली." ऑर्टेन्सियानं पावाचा तुकडा मोडला. "आणि म्हणाली, ठेवते आता, मला आणखी एका गाडीत जायचंय. तिथेही एक फोन वाजतोय."