टेकडीवरची वेठ

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मालिनी शेजारच्या वॉल्टरकडे त्याचा पिकअप ट्रक मागायला गेली. म्हातारा पोर्चवर सफरचंदं सोलत बसला होता. त्याने किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"उद्या लाकडं वर न्यायचीत ना?" त्याने हळूच विचारलं. "नीट विचार कर. घरातल्या जिवंत माणसाने तो दिवस भरला की गेलेल्याची सुटका होते. मग तो परत येत नाही..."

तिने किल्ली ओढून घेतली.

हडसन नदीकाठचं हे जुनं दगडी घर तिने आणि तिच्या नवऱ्याने, पुरुषोत्तमने, पिस्कॅटवेचं आधीचं घर सोडल्यावर हौसेने घेतलं होतं. फार पूर्वी इथली सगळी जमीन एकाच जमीनदाराची. कुळांनी धान्य तर द्यायचंच, शिवाय वर्षातून एक दिवस आपली घोडागाडी जुंपून टेकडीवरच्या हवेलीत लाकडं पोचवायची. फुकट. जमीनदाराचा काळ्या कोटातला कारभारी दारोदार फिरून घरात कोण राहतं, कुणाचं वय काय, ते वेठीच्या वहीत लिहून घ्यायचा. पुढे हवेली जळाली, जमीनदारी बुडाली, पण या घरात राहणारे तो दिवस भरतच राहिले. वॉल्टरने हे सांगितलं तेव्हा पुरुषोत्तम खो खो हसला होता. "घ्या! अमेरिकेत येऊनही वेठ काही चुकली नाही!" हसला, आणि एकदाही गेला नाही.

तो वारला त्या वर्षी, वेठीच्या दिवशी, धुकं दाटलेल्या सकाळी अंगणात लाकडं आदळल्याचा आवाज आला. मालिनीने खिडकीतून पाहिलं. पुरुषोत्तम. तोच मरून रंगाचा स्वेटर, एका खांद्यातून झुकलेली तीच चाल. लाकडं उचलून टेकडीकडे जात होता, रिकाम्या हाताने परत येत होता. हाक मारली तर नाहीसा होईल, या भीतीने ती नुसती बघत राहिली. पुढचं सगळं वर्ष तिने त्या एका दिवसाच्या आशेवर काढलं. आला, पण पार वाकलेला. तळवे फाटलेले.

ते तळवे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी तिने पहाटेच ट्रक भरला. बॉस्टनहून आलेली इला, तिची मुलगी, अजून झोपली होती. धुक्यातून चढ लागला, तसा ओल्या लोकरीचा आणि भुशाचा वास गाडीत भरला. शेजारची सीट करकरली.

"मालू, सीटबेल्ट लावलास?"

तिने मान वळवली नाही. "लावलाय."

चढावर तिने वेग कमी केला.

"आज मी करते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

"मग मला यायला काही कारण उरणार नाही गं..."

"माहितीये."

तिने गाडी थांबवली. इथूनच वळवता आली असती. पुन्हा वर्षभर वाट बघायची, पुन्हा खिडकीतून तो दिसला असता. काच फक्त तिच्याच बाजूला श्वासाने धुरकटत होती.

"थोडं असंच बसू या?"

"बसू की."

त्याने हात तिच्या हातावर ठेवला. सालीसारखा खरखरीत, पण गार नव्हता. त्या उबेनेच तिला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि गिअर टाकला.

वर हवेलीचा नुसता उंबरठा उरला होता. मालिनी एकेक ओंडका त्यावर ठेवत गेली. ठेवलेला ओंडका पुन्हा पाहावा तर तिथे नसायचा. आवाज नाही, काही नाही. शेवटचा ठेवून ती धुक्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "झालं त्यांचं."

परत आली तेव्हा सीट रिकामी होती. वास दुसऱ्या वळणापर्यंत टिकला, मग तोही गेला. उरलेला उतार ती हुंदके देत उतरली.

स्वयंपाकघरात इला कॉफी करत होती. "आई, व्हेअर वेअर यू? एक माणूस येऊन गेला. जुन्या स्टाइलचा काळा कोट. या घरात आता कोण राहतं विचारत होता. मी म्हटलं, माझी आई."

मालिनीने टेबलाची कड धरली. "मग?"

"मग काही नाही. घरात बघत राहिला." इला जराशी हसली, पण कपावरची तिची बोटं घट्ट झाली होती. "मग त्याने माझं वय विचारलं... अँड आय डोन्ट नो व्हाय, आई, पण मी सांगितलं."